टेक्ससच्या कोर्टानं भावाचं पालकत्व संपवलं: अपिलात काय होतं, काय होत नाही

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकचे. धाकटा भाऊ आठ वर्षांपासून ह्यूस्टनमध्ये आहे. नवरा-बायकोच्या भांडणांत दोनदा पोलीस आले. एका संध्याकाळी तीन वर्षांची मुलगी घरात एकटी सापडली आणि सीपीएसनं (मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी विभागानं) तिला नेलं. चौदा महिन्यांनी न्यायाधीशांनी भावाचं पालकत्व कायमचं संपवलं. भावजयीनं त्याआधीच कागदांवर सही करून दिली होती. भावाच्या आदेशावर सही होऊन नऊ दिवस झाले. कोर्टानं दिलेला वकील फोन उचलत नाही. अपील होईल का? आम्ही इथून शेजाऱ्यांची, शाळेची, सोसायटीची पत्रं पाठवली तर उपयोग होईल का? दूतावास काही करेल का? आणि मुलीला आम्ही नाशिकला आणू शकतो का?"

उत्तर लांबणार आहे, म्हणून आज करायचं काम आधी सांगते. न्यायाधीशांनी आदेशावर सही केली त्या दिवसापासून २० दिवसांच्या आत अपिलाची नोटीस दाखल झाली पाहिजे. निकाल कोर्टात ऐकवला तो दिवस धरायचा नाही, प्रत हातात पडली तो दिवसही नाही. विसावा दिवस शनिवारी, रविवारी किंवा कोर्टाच्या सुटीच्या दिवशी आला तर पुढचा कामाचा दिवस चालतो. नोटीस म्हणजे जेमतेम एक पान: केस क्रमांक, कोर्टाचं नाव, आदेशाची तारीख, अपील कोण करतंय, आणि हे पालकत्व संपवण्याचं प्रकरण असल्यानं अपील वेगवान पद्धतीनं चालायचं आहे एवढं वाक्य. निकाल का चुकला हे त्यात लिहायची गरज नसते. ती वरच्या कोर्टात नव्हे, ज्या कोर्टानं आदेश दिला तिथल्याच क्लार्ककडे द्यायची. ऑनलाइन दाखल करणार असाल तर मध्यरात्रीपर्यंत त्याच दिवसाची तारीख मिळते.

मुदत हुकली तर आणखी १५ दिवसांत, उशिराचं पटणारं कारण देऊन, वाढ मागता येते. तो दरवाजा आहे हे माहीत असू द्या, पण त्यातून जायची वेळ आणू नका.

वकील फोन उचलत नसेल तर भावानं स्वतः सही करून नोटीस दिली तरी ती फेकून देत नाहीत. अपील करण्याचा प्रामाणिक प्रयत्न दिसला की टेक्ससची अपील न्यायालयं कागदातल्या त्रुटी दुरुस्त करायला वेळ देतात. वकिलाला ईमेल करून ठेवा, म्हणजे लेखी राहील: "मला अपील करायचं आहे, नोटीस दाखल करा." ट्रायल संपली की आपली जबाबदारी संपली असं काही नेमलेल्या वकिलांना वाटतं. तसं नाही. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये स्पष्ट केलं की सरकारनं चालवलेल्या अशा केसमध्ये गरीब पालकाला मिळालेला वकिलाचा हक्क थेट त्या न्यायालयात अर्ज करण्यापर्यंत टिकतो. वकील बदलता येतो, बहुधा अपिलासाठी वेगळा नेमतातही. पण मधल्या काळात पालक वाऱ्यावर नसतो. आणि ट्रायलच्या वेळी कोर्टानं भावाला निर्धन मानलं असेल तर अपिलातही तेच गृहीत धरतात, पुन्हा पगाराच्या स्लिपा जमवत बसावं लागत नाही.

खर्चाची भीती घालणारे लोक भेटतील. मिसिसिपीतल्या एका आईला अपिलासाठी कोर्टाची नक्कल काढायचे २,३५२ डॉलर भरता आले नाहीत म्हणून तिचं अपीलच अडवलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पालकत्व संपवण्याच्या बाबतीत पैशासाठी अपील अडवता येणार नाही. नकलेचा खर्च हा तुमच्या भावाचा प्रश्न नाही.

आता आदेश उघडा. शेवटच्या पानांत कुठेतरी ठळक किंवा सगळ्या मोठ्या अक्षरांत छापलेला एक परिच्छेद असेल, की या आदेशाविरुद्ध अपिलाचा हक्क आहे, ते वेगवान पद्धतीनं चालतं, आणि नियम पाळले नाहीत तर फेटाळलं जाऊ शकतं. कायद्यानंच तो तिथे घालायला लावला आहे. पण पालकत्व न संपवता दिलेल्या आदेशातही तो असू शकतो, म्हणून आदेशात टर्मिनेशन, म्हणजे पालकत्व संपवल्याचं, स्पष्ट लिहिलं आहे का तेही पाहा. हे तपासायला सांगते कारण आपल्याकडचे लोक ताबा गेला आणि पालकत्व गेलं यांत गल्लत करतात. मुलगी सरकारच्या ताब्यात दिली पण बाप बाप राहिला, असाही आदेश असतो. त्यात भेटी चालू राहतात आणि परिस्थिती बदलल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. टर्मिनेशनमध्ये कायद्याच्या दृष्टीनं तो तिचा कुणीच उरत नाही.

मग सही कुणाची आहे ते पाहा. ह्यूस्टन भागातल्या अशा बऱ्याच केसेस असोसिएट जजपुढे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला नेमलेल्या न्यायाधीशांपुढे, चालतात. त्यांचा निर्णय कळवला गेल्यापासून तीन कामाच्या दिवसांत मागणी केली तर जिल्हा न्यायाधीशांपुढे नव्यानं सुनावणी मिळते, आणि ती खऱ्या अर्थानं नवी असते, साक्षीदार पुन्हा बोलावता येतात. नऊ दिवस झाल्यामुळे ती वेळ बहुधा गेली आहे. पण ती न मागितल्यानं अपिलाचा हक्क जात नाही. मागितली होती का, एवढं वकिलाला विचारा.

आणि कारणं कोणती लिहिली आहेत ती पाहा. टेक्ससच्या कुटुंब कायद्यात कलम १६१.००१ खाली कारणांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर आहे. त्यांत 'डी' आणि 'ई' ही दोन अक्षरं सगळ्यांत जड. 'डी' म्हणजे मुलाला धोक्याच्या परिस्थितीत जाणूनबुजून ठेवलं. 'ई' म्हणजे पालकाच्या स्वतःच्या वागण्यानं मूल धोक्यात आलं. ती जड का, तर उद्या भावाला दुसरं मूल झालं तर या निष्कर्षाचा आधार घेऊन त्या मुलाच्या बाबतीतही हक्क काढून घेण्याचा मार्ग उघडू शकतो. म्हणूनच २०१९ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'डी' किंवा 'ई'ला आव्हान दिलेलं असेल तर अपील न्यायालयानं ते तपासलंच पाहिजे, दुसऱ्या एखाद्या कारणावर आदेश टिकतो म्हणून ते टाळता येणार नाही. समजा मुलगी परत मिळाली नाही, पण 'ई' पुसला गेला, तरी त्या अपिलाला अर्थ होता असं मी मानते. घरच्यांना हे पटत नाही, त्यांना मुलगी हवी असते. पण भाऊ बत्तीस-पस्तिशीचा असेल तर त्याच्यापुढे अजून आयुष्य आहे.

आता तुमच्या पत्रांकडे येते.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबानं मला कुरिअरनं जाडजूड पाकीट पाठवलं. सरपंचांचा दाखला, मुख्याध्यापकांचं पत्र, बँक मॅनेजरचं पत्र, मुलाच्या मुंजीचे आणि सत्यनारायणाचे फोटो, आणि आजीनं स्वतःच्या हातानं लिहिलेली चार पानं. एकही ओळ खोटी नव्हती. त्यातला एकही कागद मी अपील न्यायालयापुढे ठेवू शकले नाही. त्या आजीला फोनवर हे सांगताना काय बोलावं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

आपल्याकडे 'वरच्या कोर्टात जाऊ' म्हणताना मनात असतं की तिथे कुणीतरी पुन्हा ऐकून घेईल. भारतातल्या दिवाणी अपिलात क्वचित का होईना, नवा पुरावा घेण्याची तरतूद तरी आहे. टेक्ससमध्ये अपिलाचे तीन न्यायाधीश फक्त दोन गठ्ठे वाचतात: क्लार्कचा रेकॉर्ड, म्हणजे दाखल झालेले अर्ज आणि आदेश, आणि रिपोर्टरचा (कोर्टाच्या लघुलेखकाचा) रेकॉर्ड, म्हणजे सुनावणीत उच्चारलेला शब्द न् शब्द आणि तिथे दाखल झालेले पुरावे. या गठ्ठ्यांत नाही ते त्यांच्या दृष्टीनं घडलंच नाही. भाऊ त्यांना दिसणार नाही. तोंडी युक्तिवाद झालाच तर वकील थोडा वेळ बोलतील, पुष्कळदा तोही होत नाही.

म्हणून मी नव्या अशिलाला सगळ्यात आधी हेच सांगते की तुम्ही चांगले बाप आहात हे मला पटवू नका. सुनावणीत कोण काय बोललं आणि काय बोललं नाही, ते आठवून सांगा.

कारण अपिलातला खरा प्रश्न असतो पुराव्याच्या वजनाचा. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केसमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की मुलाचं नातं तोडायला साध्या दिवाणी दाव्याइतका, म्हणजे पारडं जरासं झुकेल इतका पुरावा पुरत नाही; तो स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा. टेक्ससच्या कायद्यात त्याची व्याख्या आहे: निकाल देणाऱ्याच्या मनात ठाम विश्वास किंवा खात्री निर्माण होईल असा पुरावा. आणि सिद्ध दोन गोष्टी कराव्या लागतात, यादीतलं निदान एक कारण आणि पालकत्व संपवणं मुलाच्या हिताचं आहे हे. दुसरीसाठी १९७६ च्या एका निकालातले निकष आजही वापरतात: मुलाच्या आताच्या आणि पुढच्या गरजा, धोका, पालकाची कुवत, घर किती स्थिर, पालकाच्या चुकीमागे काही सबब होती का, वगैरे.

मग मी रेकॉर्ड वाचते तो या नजरेनं. न्यायाधीशांनी लिहिलं, 'वडिलांच्या वागण्यानं मुलीचं कल्याण धोक्यात आलं.' ठीक. हे कोणत्या पानावर सिद्ध झालं? मुलगी एकटी सापडली त्या संध्याकाळी भाऊ कुठे होता, बायको घरी आहे असं त्याला वाटत होतं का, याबद्दल कुणाला विचारलं का? भांडणांच्या वेळी मुलगी त्या खोलीत होती असं कोण म्हणालं, आणि त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं की पोलिसांच्या अहवालात वाचलं होतं? ऐकीव माहितीवर वकिलानं तिथल्या तिथे हरकत घेतली होती का? घेतली नसेल तर ती माहिती पुरावा म्हणून आत आली, आता अपिलात तक्रार करून ती बाहेर काढता येत नाही. अशा प्रश्नांची उत्तरं पान आणि ओळ दाखवून देता आली तर अपिलात जीव असतो. साक्षीदार खोटं बोलला हे मात्र उपयोगाचं नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायचा अधिकार ज्यानं साक्ष प्रत्यक्ष ऐकली त्याचा, असं अपील न्यायालय मानतं.

दुभाष्याचा मुद्दा तुम्ही लिहिला नाहीत, पण मी विचारतेच, कारण मराठी माणसांच्या केसमध्ये तो वारंवार निघतो. भाऊ नोकरीत इंग्रजी बोलत असेल. साक्षीच्या पिंजऱ्यात, मूल गमवायच्या भीतीनं, ते इंग्रजी पुरत नाही. मग कोर्ट दुभाष्या शोधतं, मराठी सापडत नाही आणि हिंदी मिळतो. 'हिंदी येते ना?' असं विचारलं की आपला माणूस 'हो' म्हणतो. एका केसमध्ये वडील म्हणाले, "तिला माझा थोडा धाक आहे." आपल्याला त्यात घरची शिस्त ऐकू येते. इंग्रजीत ते गेलं, 'मुलगी त्याला घाबरते.' रिपोर्टर फक्त इंग्रजी टिपतो. मूळ मराठी-हिंदी वाक्य रेकॉर्डमध्ये कुठेच नसतं. पुढे सरकारी बाजूच्या वकिलानं शेवटच्या भाषणात ते वाक्य तीनदा वापरलं: बाप स्वतः कबूल करतो की मुलगी त्याला घाबरते. 'रागावलो'चंही तेच. 'मी तिला रागावलो' म्हणजे दोन शब्द सुनावले, पण ऐकणाऱ्याच्या कानात संतापलेला बाप उभा राहतो.

भावाच्या सुनावणीत असं काही झालं असेल, तर सगळं यावर अवलंबून आहे की त्याच्या वकिलानं तेव्हाच उठून 'हा दुभाष्या चालणार नाही' किंवा 'हे भाषांतर बरोबर नाही' असं म्हटलं होतं का. म्हटलं असेल तर मुद्दा जिवंत आहे. नसेल तर तो बहुतेक वकिलाच्या हलगर्जीपणाच्या मुद्द्यातूनच आणावा लागतो.

तो मुद्दा टेक्ससमध्ये मांडता येतो, २००३ पासून ते पक्कं आहे. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वकिलाचं काम वाजवी दर्जाच्या खाली गेलं, आणि तसं झालं नसतं तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती. अडचण पुन्हा रेकॉर्डचीच. वकिलानं साक्षीदार का बोलावले नाहीत, भावाला आधी किती वेळा भेटला, हे त्या गठ्ठ्यात नसतं. ते आणायचा मार्ग म्हणजे ट्रायल कोर्टात नव्या सुनावणीसाठी अर्ज, आदेशाच्या सहीपासून ३० दिवसांत, आणि त्यावर साक्षीपुराव्यासह सुनावणी मागणं. ज्यूरीसमोर केस चालली असेल तर पुरावा अपुरा होता हा तथ्यांचा मुद्दा अपिलात टिकवण्यासाठीही हा अर्ज लागतो. (हो, टेक्ससमध्ये पालक ज्यूरी मागू शकतो, बहुतेक राज्यांत ती सोय नाही.) आणि इथे सापळा आहे: एरवी दिवाणी केसमध्ये असा अर्ज केला की अपिलाची मुदत लांबते. या केसमध्ये लांबत नाही. अनुभवी दिवाणी वकीलही यात फसलेले पाहिले आहेत. अर्ज करा, नोटीसही वीस दिवसांत द्या.

चौदा महिने लागले असं तुम्ही म्हणता, त्यावरून आणखी एक गोष्ट तपासायला हवी. सरकारला तात्पुरता ताबा मिळाल्यापासून एक वर्ष पूर्ण झालं की त्यानंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत ट्रायल सुरू झालेली असली पाहिजे, किंवा कोर्टानं कारण नोंदवून जास्तीत जास्त १८० दिवसांची वाढ दिलेली असली पाहिजे. दोन्ही नसेल तर केस आपोआप बाद होते आणि त्यानंतरच्या आदेशाला कोर्टाचा अधिकारच उरत नाही. बहुतेक फाइलींत वाढीचा आदेश सापडतो. तरी मी तो कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

भावजयीच्या सहीबद्दल फारसं चांगलं सांगता येत नाही. हक्क सोडल्याच्या प्रतिज्ञापत्रावर आधारलेला आदेश फक्त फसवणूक, दडपण किंवा जबरदस्ती एवढ्याच कारणांनी आव्हान देता येतो. 'सही कर, म्हणजे मुलगी निदान नातेवाइकांकडे जाईल' असं कुणी सांगितलं असेल तर ते तिनं स्वतःच्या वेगळ्या वकिलाला सांगावं. आणि भावापुढे आता तसा कागद कुणी ठेवला तर अपिलाच्या वकिलाला न दाखवता त्यानं सही करू नये.

मध्येच एक गंमत, तशी हसायची नाही. कोर्टाच्या फॉर्मवर आणि तोंडी प्रश्नांतही येतं, 'मूल इंडियन आहे का?' आपले लोक अभिमानानं हो म्हणतात. तो प्रश्न अमेरिकेतल्या मूळ जमातींच्या मुलांसाठीच्या १९७८ च्या कायद्याबद्दल असतो. त्या कायद्याखाली पुराव्याची पातळी फौजदारी केसइतकी, संशयापलीकडची होते, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा कायम ठेवला. नाशिकच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. चुकून 'हो' गेलं असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर त्यावरच महिने जातात.

दूतावासाबद्दल. ह्यूस्टनमध्ये आपलं वाणिज्य दूतावास आहे. त्यांना लेखी कळवा, हरकत काहीच नाही. पण मुलगी अमेरिकेत जन्मली असेल तर ती अमेरिकी नागरिक आहे, आणि परदेशी नागरिक असलेल्या मुलांबाबत दूतावासाला कळवण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे तो तिला लागू होत नाही. नॉर्वेतलं २०११-१२ चं प्रकरण सगळ्यांच्या डोक्यात असतं: दिल्लीतून दबाव आला आणि मुलं परतली. ती मुलं भारतीय नागरिक होती आणि तिथल्या यंत्रणेनं त्यांना भारतातल्या काकाच्या हवाली केलं होतं. टेक्ससचे न्यायाधीश दिल्लीच्या पत्रावर निकाल फिरवत नाहीत. त्या प्रकरणातून तुमच्यासाठी घेण्यासारखा शब्द 'काका' हा आहे.

कारण तुम्ही काका आहात, आणि यासाठीच मी हे उत्तर लिहायला घेतलं. सरकारनं दाखल केलेल्या केसमध्ये पालकत्व संपलं की त्या पालकाच्या नातेवाइकांनाही पुढे दावा करायला कायदा साधारण बंदी घालतो. त्याला एक अपवाद आहे. आजी-आजोबा, सज्ञान भावंडं, पालकाची बहीण किंवा पालकाचा भाऊ यांना पालकत्व संपल्यापासून ९० दिवसांच्या आत मुलाचा ताबा मागणारा स्वतंत्र दावा करता येतो. तो तुमचा दावा, भावाचं अपील नव्हे. वकीलही वेगळा घ्या. भावाचा वकील म्हणणार की बाप योग्य आहे, तुमचा म्हणणार की बाप नसला तरी काका आहे. एकाच तोंडातून या दोन्ही गोष्टी निघाल्या तर दोन्ही फसतात. आणि या दाव्यात तुमची ती सोसायटीची, शाळेची पत्रं कामाला येतात, कारण इथे नवा पुरावा द्यायचाच असतो. ज्यांनी लिहिली त्यांना व्हिडिओवर साक्ष द्यायची तयारी ठेवायला सांगा, नुसत्या कागदावर इथले न्यायाधीश फारसे भाळत नाहीत.

मुलीला नेल्यापासून ३० दिवसांत जवळच्या प्रौढ नातेवाइकांना शोधून कळवायचं बंधन २००८ पासून अमेरिकी कायद्यानं या विभागांवर आहे. तुम्हाला कुणी कळवलं होतं का? ईमेल, पत्र, काहीही? आणि भावानं तुमचं नाव दिलं होतं का? पुष्कळ मराठी बाप देत नाहीत. घरी कळू नये, आईला धक्का बसेल म्हणून चौदा महिने एकट्यानं कोर्टाच्या तारखा करतात. मग निकालानंतर न्यायाधीश विचारतात, हे काका इतके दिवस होते कुठे? खरं उत्तर तेच असेल तर तेच द्या. लाजेपोटी लपवलं हे इथल्या न्यायाधीशांनाही समजतं, फक्त त्यांना ते कुणीतरी सांगावं लागतं.

नाशिकच्या घराची पाहणी व्हावी लागेल. भारतातली अशी पाहणी इंटरनॅशनल सोशल सर्व्हिससारख्या संस्थेमार्फत करून घेता येते, तिला महिने लागतात, म्हणून मागणी दाव्याबरोबरच करा. दुसरी अडचण कायद्याची. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. मुलगी एकदा भारतात गेली की आपला आदेश तिथे चालणार नाही ही इथल्या न्यायाधीशांची जुनी धास्ती आहे. तुमच्या वकिलानं तिचं उत्तर आधीच तयार ठेवावं: नियमित अहवाल, व्हिडिओ भेटी, आणि मुलीला परत भावाच्या हाती सोपवणार नाही ही हमी. ती हमी देताना तुम्हाला ती खरंच पाळायची आहे का, हे घरात बसून आधी ठरवा. भाऊ वर्षभरानं नाशिकला आला तर?

अपील चालू असताना आदेश आपोआप थांबत नाही. भेटी बहुधा बंद होतील. विभाग सहसा अपील संपेपर्यंत दत्तकाचा शेवटचा टप्पा गाठत नाही, पण स्थगितीसाठी अर्ज करायचा की नाही हे वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारा. कागद पटापट हलतात: नोटिशीनंतर दहा दिवसांत रेकॉर्ड, त्यानंतर वीस दिवसांत भावाच्या बाजूचं लेखी म्हणणं, आणि शक्यतो नोटिशीपासून १८० दिवसांत निकाल. ह्यूस्टनमध्ये पहिलं आणि चौदावं अशी दोन अपील न्यायालयं एकाच भागासाठी आहेत, केस कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. निकालात भावाचं किंवा मुलीचं नाव येणार नाही, फक्त आद्याक्षरं किंवा टोपणनाव. एवढी तरी अब्रू झाकली जाते.

जिंकल्यावरही बहुतेक वेळा मुलगी त्या दिवशी घरी येत नाही. पुरावा मुळातच कायद्याला पुरेल इतका नव्हता असं ठरलं तर आदेश रद्द होतो. इतर चुकांसाठी केस परत पाठवतात आणि १८० दिवसांत नवी ट्रायल सुरू व्हावी लागते. म्हणून भावानं मधल्या काळात समुपदेशन, दारू सोडण्याचा कार्यक्रम, नोकरी, जे काही चालू होतं ते सोडू नये. आता कशाला, असं म्हणून सगळेच सोडतात आणि परत पाठवलेल्या केसमध्ये तेच अंगाशी येतं. हरल्यावर ४५ दिवसांत टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. ते घेतीलच असं नाही. माझ्या अनुभवात बहुतेक अपिलं फेटाळली जातात, ते लपवण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांनंतर मात्र जवळजवळ कोणत्याच मार्गानं आदेशाला हात लावता येत नाही. 'आधी जरा शांत होऊ, मग बघू' हा घरच्यांचा सल्ला म्हणूनच घातक ठरतो.

२०२१ पासून टेक्ससमध्ये हक्क पुन्हा मिळवण्याचीही तरतूद आहे: निदान दोन वर्षं झाली, अपील बाकी नाही आणि मूल दत्तक गेलेलं नाही, तर. चार-पाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हिच्यावर भिस्त ठेवू नका. एवढी लहान मुलं तोवर दत्तक गेलेली असतात.

तेव्हा सहीच्या तारखेपासून मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर विसावा दिवस भावासाठी आणि नव्वदावा स्वतःसाठी खूण करा. आणि घर पाहायला माणूस येईल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारेल, म्हणून आतापासून सांगून ठेवते. मुलगी तीन वर्षांची असताना नेली, चौदा महिने ती इंग्रजी बोलणाऱ्या घरात आहे. तिची मराठी बहुधा गेली असेल. तुमच्या घरात तिच्याशी इंग्रजीत कोण बोलेल, हे ठरवून ठेवा. आजीला येत नसेल तर तिला आतापासूनच दहा-बारा वाक्यं शिकवायला घ्या: भूक लागली का, झोप आली का, कुठे दुखतंय.